सापडलेलं चित्रण आणि उडालेली झोप

प्रश्न : मी 24 वर्षांची आहे. अंबाजोगाईत राहते, बँकेच्या परीक्षेची तयारी करते. धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, सध्या सुट्टीत घरी आलाय. त्याला फाउंड फुटेज भयपटांचं वेड आहे. म्हणजे कुणाच्या तरी हरवलेल्या कॅमेऱ्यात सापडलेलं चित्रण आहे असं भासवणारे सिनेमे. त्याने मला आधी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ दाखवला, मग ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’. रात्री अकरानंतर, अंधारात, मोबाईलवर, एकेक इअरफोन वाटून घेऊन. बघताना मळमळतं, उठावंसं वाटतं, पण उठवत नाही. आता आठ-दहा दिवस झाले, रात्री अंगणातल्या संडासला जायची हिंमत होत नाही. पत्र्यावर काही वाजलं की छातीत धस्स होतं. अभ्यासाला बसले की तीच दृश्यं डोळ्यांपुढे येतात. आणि तरी पुढचा कधी बघायचा, हे मीच त्याला विचारते! काकांचा 11 वर्षांचा मुलगा दाराआडून थोडं बघून गेला, तो आता आईला सोडून झोपत नाही. आजी म्हणते, असलं बघितलं की भानामती मागं लागते, एकदा बाहेरचं दाखवून आणा. भाऊ म्हणतो, शनिवारी ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ बघू, त्यात सगळं खरं आहे. मला हे आवडतं म्हणजे माझ्यात काही विकृती आहे का? बघणं बंद करू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. तुमच्यात कसलीही विकृती नाही. सिनेमे कायमचे बंद करायचीही गरज नाही. पण तुम्ही दोघं ज्या पद्धतीने बघताय ती आजपासून बदला, शनिवारचा बेत मोडा, आणि काकांच्या मुलाकडे सगळ्यांच्या आधी लक्ष द्या. तुम्ही दोघं मोठे आहात. त्याला हे एकट्याने निस्तरता येणार नाही.

हे सिनेमे इतके का झोंबतात ते आधी बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. नेहमीच्या भयपटात संगीत हलगीसारखं पुढे चालतं. ते वाजायला लागलं की आपण सावरून बसतो, थांबलं की श्वास सोडतो. नट ओळखीचा असतो. प्रकाश नेमका चेहऱ्यावर पडलेला असतो. कॅमेरा दाराच्या अलीकडचंही दाखवतो आणि पलीकडचंही. ‘हे कुणीतरी रचलंय’ असं या खुणा आपल्याला सतत सांगत असतात, आणि त्या भरवशावर आपण निर्धास्त घाबरतो. फाउंड फुटेजवाले नेमक्या याच खुणा एकेक करून काढून घेतात. संगीत नाही, नट अनोळखी, बॅटरीच्या गोल उजेडाबाहेर सगळा अंधार, फोकस मध्येच सुटतो, आवाज फाटतो, कोपऱ्यात तारीख आणि वेळ पळत असते. ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. शेवटी कॅमेरा जमिनीवर आडवा पडतो आणि सिनेमा संपतो. कोण होतं, काय होतं, काहीच कळत नाही. मग एक शंका तेवढी मनात राहते : हे घडलेलं तर नसेल ना? तुमची झोप उडवली आहे ती या न मिटलेल्या शंकेने. ‘ब्लेअर विच’मधल्या चेटकिणीचा त्यात हात फार थोडा. म्हणून उपायाची दिशा एकच आहे : काढून घेतलेल्या खुणा परत जागेवर आणायच्या.

तुम्ही बघितलेल्या पहिल्या सिनेमापासून सुरू करू. चेटकिणीवर फिल्म करायला जंगलात गेलेली तीन पोरं हरवतात, ही त्याची कथा. ‘ब्लेअर विच’चं चित्रीकरण ऑक्टोबर 1997 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, आठ दिवसांत झालं. दोन दिग्दर्शक, तीन नट. कॅमेरे नटांच्याच हातात दिले होते आणि चित्रीकरण त्यांनीच केलं. पूर्ण संवाद लिहिलेले नव्हते. पुढे काय करायचं याच्या चिठ्ठ्या डब्यांत ठेवलेल्या असत. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुसऱ्याला दाखवायची नाही. रोजचं खाणं हळूहळू कमी करत नेलं. रात्री दिग्दर्शकांनीच तंबू हलवला आणि लहान मुलांचे रेकॉर्ड केलेले आवाज लावले. त्यामुळे पडद्यावर दिसणारी चिडचिड, थकवा, दचकून जागं होणं यातलं बरंचसं अस्सल आहे आणि चेटकीण तेवढी नाही. जवळपास 20 तासांच्या चित्रणातून 80 मिनिटांच्या आसपासचा सिनेमा कापून काढला. पात्रांना नटांचीच खरी नावं ठेवली. 1999 मध्ये प्रदर्शनाआधी ते तिघं बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली, तशी वेबसाइट चालवली, आणि नटांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. त्या काळात लोक फसले यात नवल नाही. त्या तिघांनी 2024 मध्ये आपल्याला योग्य मोबदला मिळावा अशी जाहीर मागणी केली. पुढच्या वेळी तंबूचं दृश्य डोळ्यांपुढे आलं की त्याच्या शेजारी ही मागणी आठवा. जंगलात गडप झालेली माणसं मानधन मागत नाहीत.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चंही तसंच. ओरेन पेली या दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात, सात दिवसांत, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये तो केला. रात्रीच्या दृश्यांत कॅमेरा तिवईवर ठेवायचा आणि हलवायचाच नाही, ही त्यातली मोठी युक्ती. चौकट स्थिर असली की नजर आपोआप फिरायला लागते. दार, जिना, पलंगाची कड, पुन्हा दार. घाबरवण्याचं निम्मं काम बघणाराच करतो. थिएटरात लागला तेव्हा त्याचा शेवट आधीच्यापेक्षा वेगळा होता. खऱ्या घटनेचा शेवट असा बदलता येत नाही, हे भावालाही सांगा.

आता हे आवडतं का? आपल्याकडे ही आवड नवी नाही. आजीला चकव्याबद्दल विचारून बघा. रात्री रानातून येणारा माणूस नाकासमोर चालत राहतो आणि पहाटे पुन्हा त्याच बाभळीपाशी उभा असतो. ‘ब्लेअर विच’मधली पोरं दिवसभर दक्षिणेला चालून पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येतात, तो चकवाच आहे. आणि चकव्याची गोष्ट कशी सुरू होते? ‘आमच्या चुलत्याला झालंय हे, गाव अमकं, साल तमकं, खोटं सांगत असेन तर...’ ठिकाण, नाव, शपथ. फाउंड फुटेजच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर येणारी पाटी हेच काम करते. फरक एवढाच की ओसरीवर गोष्ट सांगणारा आपल्यासमोर बसलेला असतो. त्याला मध्येच ‘मग तुम्ही काय केलं?’ असं विचारता येतं, त्याच्या आवाजातली गंमत कळते, गोष्ट संपल्यावर तो तंबाखू मळत दुसऱ्या विषयावर जातो. सिनेमात सांगणारा लपलेला असतो.

भीतीची मजा शरीरातूनही येते. छाती धडधडते, हात गार पडतात, आणि त्याच वेळी आपण गादीवर सुखरूप आहोत हे ठाऊक असतं. धडधड ओसरताना हलकं वाटतं, ते हवंहवंसं असतं. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना घाबरवण्यासाठीच उभारलेल्या एका भुताटकीच्या घरात शिरलेल्या 110 लोकांचे हृदयाचे ठोके मोजले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं : भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी मजा नाही, मधल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. तुम्ही उठू शकत नव्हता, दहा दिवस झोप नाही, म्हणजे मधला पट्टा केव्हाच ओलांडला गेलाय. पुढचा कधी बघायचा असं तुम्ही विचारता त्याचं एक कारण हेही असावं की आधीच्या दोन्ही सिनेमांची शंका मनात मिटलेली नाही आणि पुढच्यात ती मिटेल अशी आशा आहे. ती तशी मिटणार नाही. या प्रकारचे सिनेमे शंका मिटू नये म्हणूनच बनवलेले असतात.

तर मात्रा कमी करायची. अंधार, इअरफोन, हातभर अंतरावरचा मोबाईल आणि झोपेची वेळ, या चार गोष्टी एकत्र आल्या की मात्रा सगळ्यात तीव्र होते, आणि तुम्ही चारही एकदम घेतल्या. इअरफोनमध्ये आवाज अगदी कानात वाजतो. तो खोलीतून येतोय की सिनेमातून, हे कानाला ठरवता येत नाही. म्हणून इअरफोन पूर्ण बंद. घरातल्या टीव्हीवर लावा, 32 इंची असेल तर सात-आठ फुटांवर बसा, खोलीतला दिवा चालू ठेवा, आवाज असा ठेवा की एकमेकांशी बोलता येईल. कूलर चालू असेल तर बंद करू नका. हे सिनेमे शांततेवर चालतात, आणि कूलरच्या घरघरीत त्यांची निम्मी धार जाते. संध्याकाळी पाच-सहाला सुरू करा म्हणजे आठच्या आत संपेल. नंतर जेवण, भांडी, गच्चीवर गप्पा, असे दोन-तीन तास मध्ये जाऊ द्या. सिनेमा संपल्या संपल्या गादीवर पडलात तर शेवटचं दृश्य उशाशी घेऊन झोपावं लागतं.

मळमळीचं कारण वेगळं आहे, त्याला भीतीशी जोडू नका. हातात धरलेला कॅमेरा हलतो तेव्हा डोळे सांगतात आपण पळतोय, आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण बसलोय. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून पोट ढवळतं. घाटात एसटीत मोबाईल बघितल्यावर होतं तेच, फक्त उलट बाजूने. मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि खोलीत अंधार असला की स्थिर असं काही नजरेत उरतच नाही, म्हणून त्रास जास्त. दिवा लावला की टीव्हीची कड, भिंत, दाराची चौकट दिसत राहते. मळमळ सुरू होताच पडद्यावरून नजर काढून चौकटीकडे बघा, थांबवा, दहा मिनिटं बाहेर हवेत बसा. दामटून बघत बसलात तर ओकारी होईपर्यंत वाढतच जाते. भरल्या पोटी बघू नका. आलेपाकाचा तुकडा काहींना उपयोगी पडतो.

आणि एक शब्द ठरवा. ‘ब्लेअर विच’च्या नटांनाही असा शब्द दिलेला होता : तो उच्चारला की नाटक थांबवायचं, सगळ्यांनी आपापल्या खऱ्या रूपात यायचं. तुम्ही दोघांनी ‘भाकर’ म्हणा, ‘चहा’ म्हणा, काहीही. तो शब्द कानावर पडला की भावाने त्याच क्षणी थांबवायचं, चिडवायचं नाही, ‘आता पाचच मिनिटं राहिलीत’ असं म्हणायचं नाही. तुम्हाला उठावंसं वाटत होतं पण उठवत नव्हतं, याचं मोठं कारण भावासमोर भित्रं ठरण्याची लाज हे असणार. शब्द आधी ठरलेला असला की ती लाज उरत नाही.

आता पत्र्याचं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार होताना आखडतो. बारा फुटी लोखंडी पत्रा तीसेक अंशांच्या फरकाने एक-दीड मिलिमीटर आखडतो. हुकांनी आवळलेला असल्यामुळे तो हळूहळू सरकू शकत नाही, ताण साठतो आणि एकदम सुटतो. तेव्हा ‘टण्ण’ वाजतं. दिवस मावळल्यावर पहिले काही तास हे जास्त होतं. हा आवाज तुमच्या घरात दर उन्हाळ्यात होता, तुमचं लक्ष नव्हतं एवढंच. भीतीने कान तीक्ष्ण झालेत आणि ते पहारा देत बसलेत. त्यांना ओळख करून द्या. आज रात्री दहा वाजता भावाला सोबत घेऊन, टीव्ही-पंखा बंद करून, अंगणात पंधरा मिनिटं बसा आणि वहीत लिहा : कोणता आवाज, कुठून, कशाचा. पत्रा, पालीचं चुकचुकणं, पाण्याच्या टाकीतला ठिबका, पिंगळ्याचा चिरका आवाज, रानातली टिटवी, शेजारच्या म्हशीच्या साखळीचा खणखणाट. वीज गेल्यावर कूलर थांबतो तेव्हा अचानक सगळं ऐकू यायला लागतं, तो क्षण सगळ्यात वाईट असतो. म्हणून उशाशी बॅटरी ठेवा. संडासला जाताना मोबाईलच्या टॉर्चपेक्षा अंगणात बल्ब लावलेला बरा. टॉर्चचा गोल उजेड आणि बाहेरचा अंधार ही नेमकी त्या सिनेमांची चौकट आहे, ती तुम्ही रोज रात्री स्वतःच्या हातात का धरायची?

अभ्यासात येणाऱ्या दृश्यांसाठी एक साधा उपाय आहे आणि त्यामागे प्रयोगही आहे. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना त्रासदायक दृश्यांची फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम, खेळायला दिलं. त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. टेट्रिसमध्ये ठोकळे मनात फिरवावे लागतात. डोळ्यांपुढे चित्र धरून ठेवणाऱ्या मनाच्या जागेतच तो खेळ बसतो, त्यामुळे सिनेमाचं दृश्य तिथे नीट मुरत नाही. शब्दांच्या प्रश्नमंजुषेचा असा फायदा पुढच्या प्रयोगात दिसला नाही, म्हणून सिनेमानंतर जीकेचे प्रश्न सोडवायला बसू नका. यापुढे काही बघितलंत तर संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं टेट्रिस खेळा, किंवा रांगोळीचे ठिपके जोडा. आत्ता जी दृश्यं मनात आधीच घर करून बसलीत त्यांना मात्र ढकलू नका, ढकलली की दुप्पट येतात. दृश्य आलं की कागदावर एका ओळीत लिहा आणि पुढे जोडा : कॅमेरा कुणाच्या हातात होता, आवाज कुठून लावला, त्या वेळी दिग्दर्शक कुठे उभा असेल. चार-पाच वेळा असं केलं की दृश्यात माणसं दिसायला लागतात.

भावासाठीही काम आहे. त्याला हा प्रकार खरोखर आवडत असेल तर त्याने चुका पकडायला शिकावं. एवढा जीव धोक्यात असताना हा कॅमेरा खाली का ठेवत नाही, याचं पटेल असं कारण कथेत आहे का? एकच कॅमेरा आहे म्हणतात, मग समोरून दृश्य कसं आलं? पळतानाही संवाद इतका स्वच्छ कसा ऐकू येतो? हळूच खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज कोणी सोडला? कॅमेऱ्याची बॅटरी किती तास चालली? फसलेले सिनेमे बहुतेक इथेच फसतात. आणखी एका ठिकाणी फसतात : पहिल्या अर्ध्या तासातला कंटाळा त्यांना सहन होत नाही. नकाशावरून भांडण, गाडीतली बडबड, स्वयंपाक, असला रटाळ भागच पुढच्या भीतीला खरेपणा देतो. उतावळा दिग्दर्शक तिथे भूत घुसवतो आणि सगळं नाटकी होतं. हे एकदा दिसायला लागलं की सिनेमा बघण्यात वेगळीच मजा येते, आणि ती मजा झोप उडवत नाही.

आता काकांचा मुलगा. अगदी लहान मुलं अक्राळविक्राळ तोंडाला घाबरतात. दहा-अकराच्या वयात ‘हे आपल्या घरात होऊ शकतं’ ही भीती मोठी असते, म्हणजे हा सिनेमा नेमका त्याच्या वयाला लागतो. बीबीसीने 31 ऑक्टोबर 1992 ला ‘घोस्टवॉच’ नावाची काल्पनिक फिल्म, एका घरातून थेट प्रक्षेपण चालल्यासारखी दाखवली होती. निवेदक सगळ्यांच्या ओळखीचे होते. ती बघून दहा वर्षांच्या मुलांना आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं जडल्याच्या नोंदी पुढे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आल्या. बीबीसीने ती फिल्म टीव्हीवर पुन्हा दाखवली नाही. म्हणून पोराला ‘इतका मोठा झालास आणि घाबरतोस?’ म्हणू नका. ‘काही नसतं रे’ एवढ्यानेही भागत नाही. काय बघितलंस, ते त्याच्याच तोंडून दिवसा वदवून घ्या. त्याने अर्धवट बघितलंय, उरलेलं मनाने भरलंय, आणि ते सिनेमापेक्षा भयंकर असू शकतं. आईजवळ झोपू द्या, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू खाट लांब न्या. सिनेमावरचं वयाचं चिन्ह बघायची सवय घरात लावा : यूए 13+, यूए 16+ आणि ए म्हणजे 18 वर्षांवरचे. दार लावून बघणं पुरेसं नाही, मुलं दाराआडूनच बघतात. पोरगं झोपल्यावर किंवा ते घरात नसतानाच लावा.

शनिवारच्या सिनेमाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : बघू नका. ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा 1980 चा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक रुजेरो देओदातो. त्यातली माणसांची हत्या नाटकी आहे. पण ती इतकी खरी वाटली की इटलीत सिनेमा जप्त झाला, दिग्दर्शकावर खटला झाला, आणि नट जिवंत असल्याचं त्याला सिद्ध करावं लागलं. नटांनी वर्षभर लोकांसमोर यायचं नाही असा करार केला होता, तो त्याच्याच अंगाशी आला. प्राण्यांची हत्या मात्र खरी आहे. कासव, माकड आणि इतर प्राणी कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले आहेत. ‘हे खरं नाही ना?’ या शंकेचं उत्तर वर सांगितलेल्या सिनेमांत ‘नाही’ असं देता येतं, म्हणून त्यांची भीती पचते. इथे निम्मं उत्तर ‘हो, खरं आहे’ असं आहे. ते दृश्य एकदा आत गेलं की कुठलीही खूण ते बाहेर काढू शकत नाही. हाच नियम ग्रुपवर फिरणाऱ्या अपघात-खुनांच्या क्लिपांना लावा. उघडू नका, पुढे पाठवू नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा इथे जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. टेलिग्राममध्येही तशीच सोय आहे.

आजीशी भांडू नका. तिला तुमची काळजी आहे आणि तिच्याकडे तिच्या काळचे शब्द आहेत. तिच्याजवळ बसा, चकव्याची गोष्ट सांगायला लावा. पण बाहेरचं दाखवायला कुणाकडे जायचं नाही, यावर घरातल्या मोठ्यांनी ठाम राहावं. विशेषतः त्या पोराला घेऊन तर नाहीच. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि घाबरलेल्या मुलाला ‘तुला काहीतरी लागलंय’ असं मोठ्या माणसांनी सांगितलं, तर त्याची शंका कायमची पक्की होते.

हे सगळं करूनही आणखी दोन-तीन आठवड्यांत तुमची किंवा मुलाची झोप रुळावर आली नाही, मूल शाळेला जायला तयार नसलं, अंथरूण ओलं करायला लागलं, किंवा तुम्हाला दिवसाही धडधड होऊन घाम फुटायला लागला, तर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. आधी बोलून बघायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शनिवार मोकळा झालाय, तर त्या दिवशी तिघं मिळून स्वतःच एक तीन मिनिटांचं फुटेज करा. मोबाईल देवळीत किंवा कपाटावर छातीच्या उंचीला आडवा टेकवा. झिरोचा बल्ब तेवढा लावा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा, नाहीतर मोबाईल स्वतःच उजेड वरखाली करत राहतो आणि चित्र धडधडल्यासारखं दिसतं. वाड्याचं जड दार दोऱ्याने हलणार नाही, कपाटाचं हलकं दार घ्या. त्याला काळा शिवणाचा दोरा बांधा. पांढरा किंवा नायलॉनचा घेतलात तर उजेडात चमकतो. दोरा जमिनीलगत खोलीबाहेर न्या, मध्ये कुठे चौकटीला घासू देऊ नका, नाहीतर दार झटक्याने उघडतं आणि सगळं उघड होतं. तुम्ही गादीवर झोपल्याचं सोंग घ्या. पहिली दोन मिनिटं काहीही घडू द्यायचं नाही, हा सगळ्यात अवघड भाग आहे. मग दार चार बोटं उघडायचं, थांबायचं, आणि पुन्हा तसंच हळू आणखी चार बोटं. आवाजासाठी कूलर बंद हवा. हसू येणार, पहिले दोन-तीन प्रयत्न वाया जाणार, तेवढे धरून चाला. दोरा ओढायचं काम काकांच्या पोराला द्या, आणि सगळं दुपारी करा, पडदे ओढून. संध्याकाळी आजीला दाखवा, पण दोरा कुठे होता ते त्यालाच सांगू द्या.